उत्सवाच्या दाराबाहेरचे गायक

उत्सव ही मोठी मानाची वस्तु आहे. जी नगरी तो भरविते तिच्या रसिकतेचा आणि आतिथ्याचा बोलबाला चोहोंकडे होतो. परंतु त्याच उत्सवांत त्या नगरीच्या स्वतःच्या लेकरांना बसावयास पाट मिळाला कीं नाहीं, हें पाहुण्यांच्या गर्दींत सहसा कोणी विचारीत नाहीं. स्कॉटलंडची राजधानी जें एडिंबरो शहर, तेथें १९५१ सालीं कांहीं मंडळींनीं हा प्रश्न उघडपणें विचारला आणि त्याचें उत्तर म्हणून एका संध्याकाळीं गाण्याची एक बैठक भरविली. त्या बैठकीमुळें त्या देशांतील लोकगायकांच्या व होतकरू वादकांच्या नशिबास कसें वळण लागलें, त्याची ही हकीकत आहे.

दुसरें महायुद्ध संपून दोन वर्षें झालीं होतीं. युरोपांतील संगीताचीं जुनीं पीठें युद्धानें मोडकळीस आणलीं होतीं, आणि ब्रिटनमध्यें अजून अन्नाचें व कोळशाचें नियंत्रण चालू होतें. अशा वेळीं ऑस्ट्रियांत जन्मलेला रुडॉल्फ बिंग नांवाचा एक ऑपेरा-व्यवस्थापक, बाँबच्या माऱ्यांतून बऱ्याच अंशीं बचावलेल्या शहराच्या शोधांत होता. एडिंबरोच्या नगरप्रमुखानें, सर जॉन फाल्कनर यांनीं, त्याची कल्पना उचलून धरली. १९४७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत एडिंबरोचा पहिला आंतरराष्ट्रीय कलोत्सव सुरू झाला. नाझींच्या जुलमामुळें १९३८ सालीं ऑस्ट्रियाला मुकलेला ज्यू संगीतकार ब्रूनो वॉल्टर तेथें आपल्या जुन्या व्हिएन्ना वाद्यवृंदास पुन्हां भेटला. त्याच्या दिग्दर्शनाखालीं कॅथलीन फेरियर हिनें मालरची रचना गाइली. डोंगरावरील किल्ल्यावर दिवे लावावयास सरकार कोळसा देईना, तेव्हां नागरिकांनीं आपल्या घरच्या वांट्याचा कोळसा देऊं केला, असें सांगतात. थंडीनें गारठलेल्या देशांत ही गोष्ट लहान नव्हती.

पण याच पहिल्या वर्षीं आणखी एक गोष्ट घडली. आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसतांना एडिंबरोंत आल्या आणि मिळेल त्या जागेंत त्यांनीं आपले खेळ लावले. त्यांतील सहा खुद्द स्कॉटलंडच्या होत्या. पुढील वर्षीं रॉबर्ट केंप या नाटककार-पत्रकारानें या प्रकारास 'फ्रिंज' म्हणजे उत्सवाची किनार असें नांव दिलें. आज ती किनार मूळ वस्त्राहून कितीतरी रुंद झाली आहे. पण तिचें मूळ या न बोलावलेल्या पाहुण्यांत आहे, हें विसरतां येत नाहीं.

मूळ उत्सवाच्या चालकांनीं स्कॉटलंडची अगदींच उपेक्षा केली असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. १९४८ सालीं त्यांनीं सर डेव्हिड लिंडसे याचें सोळाव्या शतकांतील 'थ्री एस्टेट्स' हें स्कॉट्स भाषेंतील नाटक टायरोन गथ्री याच्याकडून बसवून घेतलें व तें फार गाजलें. तथापि शेतावरच्या गड्याचें, मासे विकणाऱ्या बाईचें किंवा पश्चिमेकडील बेटांवरच्या कोळणीचें गाणें जसें घरीं व कामावर म्हटलें जातें तसें ऐकविण्यास त्या उत्सवांत फारशी जागा नव्हती. तिकिटें महाग, श्रोतृवर्ग उंची पोषाखांतला. शहरांतील कामकऱ्यास तो उत्सव आपला वाटत नसे; आणि स्कॉटलंडच्या लोकगीतांचा खरा धनी तर हाच कामकरी होता.

म्हणून १९५१ सालीं कामगार संघ, खाणकामगारांची संघटना, मजूर व कम्युनिस्ट पक्षांतील मंडळी आणि कांहीं कलासंस्था यांनीं एकत्र येऊन 'लोकांचा उत्सव' उभा केला. कला सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा दरांत त्याच्यापर्यंत न्यावयाची, हा त्यांचा हेतु होता. व्याख्यानें, नाटकें व गाणीं असा कार्यक्रम आंखला गेला. गाण्याच्या बैठकीची कामगिरी हॅमिश हेंडरसन या एकतीस वर्षांच्या कवीकडे आली.

हेंडरसन हा विलक्षण मनुष्य होता. त्याचा जन्म १९१९ सालीं ब्लेअरगौरी या गांवीं झाला. आईच्या तोंडून त्यानें लहानपणींच जुनीं गाणीं ऐकलीं. केंब्रिजला शिक्षण झालें, युद्धांत तो उत्तर आफ्रिकेंत व इटलींत गुप्तवार्ता खात्याचा अधिकारी होता, आणि वाळवंटांतील मृतांवर त्यानें लिहिलेल्या विलापिकांना मोठा पुरस्कार मिळाला. परंतु छावणींत शिपायांनीं रचलेलीं गाणींहि तो तितक्याच आदरानें टिपून घेत असे. ज्या कवितेवर कोणाचें नांव नाहीं, जी कोणी छापली नाहीं, तीहि कविताच, अशी त्याची श्रद्धा होती.

त्याच उन्हाळ्यांत ॲलन लोमॅक्स हा अमेरिकन संग्राहक ध्वनिमुद्रणाचें जड यंत्र घेऊन स्कॉटलंडांत आला होता. हेंडरसन त्याचा वाटाड्या झाला. ईशान्येकडील शेतवाड्या, मासेमारीचीं गांवें, धर्मशाळेसारखीं गरिबांचीं वसतिगृहें असे ते दोघे हिंडले. पूर्वींचे संग्राहक कागद-पेन्सिल घेऊन जात, व गाणें लिहून घेतांना शब्द हातीं येई पण आवाज निसटे. लोमॅक्सच्या फितीवर गायकाचा श्वास, हेल, मध्येंच थांबून मारलेली कोटी, सर्व उतरत असे. शिवाय तीच फीत त्याच जागीं वाजवून दाखविली म्हणजे गाणाराला आपलें गाणें परक्या कानानें ऐकावयास मिळे. त्यामुळें अनेकांना आपल्याजवळ कांहीं मोलाचें आहे हें प्रथमच कळलें.

या भटकंतींत जे गायक भेटले त्यांतलेच निवडक हेंडरसननें एडिंबरोस बोलावले. ३१ ऑगस्ट १९५१ रोजीं शुक्रवारीं सायंकाळीं फॉरेस्ट रोडवरील ऑडफेलोज हॉलमध्यें बैठक भरली. गेलिक भाषेंत अशा बैठकीस 'केलि' म्हणतात. हिवाळ्याच्या रात्रीं शेजारच्या घरीं जमावें, शेगडीभोंवतीं बसावें, ज्याला जें येत असेल तें त्यानें गावें अथवा सांगावें, असा तो रिवाज. आपल्याकडील संस्कृत 'केलि' शब्दाशीं त्याचा ध्वनि जुळतो हा केवळ योगायोग होय. मूळ अर्थ भेटीस जाणें असाच आहे. त्या संध्याकाळचें वैशिष्ट्य हेंच कीं, शेगडीभोंवतालची ही बैठक राजधानीच्या दिवाणखान्यांत आली, आणि येतांना तिनें आपला वेष पालटला नाहीं.

गाणारे होते तरी कोण? जॉन स्ट्रॅकन हा ॲबर्डीनशायरमधील पंचाहत्तरी गांठलेला सधन शेतकरी. त्याच्याजवळ गड्यांच्या गाण्यांचा मोठा सांठा होता. त्या भागांत शेतावरचे अविवाहित गडी 'बॉथी' नांवाच्या एका खोपटांत एकत्र राहत. दिवसभर घोड्यांमागें नांगर धरून दमल्यावर ते तेथें बसून गात. घोड्यांच्या दाण्याच्या पेटीवर बसावें आणि टांचांनीं तिच्यावर ठेका धरावा, म्हणून त्या गाण्यांस दाण्याच्या पेटीवरूनच नांव पडलें. कोणत्या धन्याचें अन्न वाईट, कोणाकडे काम जुलमाचें, हें त्या गाण्यांतून नांवनिशीवार सांगितलेलें असे. पुढील हंगामास नोकरी धरणाऱ्या गड्यास तें उपयोगीं पडे. ज्यांत धन्याची निंदा आहे अशीं गाणीं एका धन्यानेंच जतन करून ठेवावीं, हा त्यांतला विनोद!

जिमी मॅक्बेथ हा दुसरा. पोर्टसॉय गांवचा, पहिल्या महायुद्धांत लढलेला, पुढें घरदार सोडून जत्रांतून व रस्त्यांवर गात हिंडणारा. भटक्या लोकांवरचें एक गाणें तो असें म्हणे कीं तें जणुं त्याच्याच मालकीचें होऊन गेलें होतें. बकी या बंदरगांवची जेसी मरे ही मासे विकणारी बाई. तिनें अनवाणी पायांनीं रानांतून बागडत जाणाऱ्या मुलीचें एक गाणें म्हटलें. तिच्याबरोबर तिची तरुण भाची ब्लँच वुड हीहि गाइली, आणि एकाच घरांतील दोन पिढ्या एका व्यासपीठावर बसलेल्या लोकांनीं पाहिल्या.

पश्चिमेकडील बारा बेटावरून आलेले दोघे होते. त्यांतील कॅलम जॉन्स्टन साठीचे, एडिंबरोंत नकाशे काढण्याच्या नोकरींत आयुष्य घालविलेले, गायक व सनईच्या जातीचें जें स्कॉटिश पाइप वाद्य त्याचे वादक. दुसरी फ्लोरा मॅक्नील, बावीस वर्षांची, शहरांतील टेलिफोनच्या कचेरींत नोकरी करणारी मुलगी. बारा हें हजार-बाराशें वस्तीचें बेट. तेथें तिची आई व इतर बायका कामाबरोबर शेंकडों गाणीं म्हणत. लोकरीचें ओलें कापड घट्ट व्हावें म्हणून बायका पाटाभोंवतीं बसून तें तालावर आपटीत. एकीनें ओळ म्हणावी व बाकीच्यांनीं धुवपद धरावें. आपल्याकडे जात्याच्या घरघरीशिवाय ओवीला जसा खरा रंग चढत नाहीं, तसेंच त्या गाण्यांचें होतें. फ्लोराला तीं गाणीं कोणी समोर बसवून शिकविलीं नव्हतीं. तीं तिच्या अंगांत मुरलेलीं होतीं. वाद्याची साथ न घेतां, हातवारे न करतां, डोळे मिटल्यासारखे करून ती जेव्हां गाऊं लागली, तेव्हां गेलिकचा एक शब्दहि न समजणारे श्रोतेहि स्तब्ध झाले.

आणि पाइप वाजविण्यास होता सतरा वर्षांचा जॉन बर्जेस. त्याच्या आदल्या वर्षीं ओबन व इन्व्हर्नेस येथील दोन्ही मानाचीं सुवर्णपदकें या मुलानें मिळविलीं होतीं. पाइपवादनाच्या इतिहासांत ही गोष्ट अपूर्व मानली जाते. थोरांच्या जोडीला असा कोवळा गुणी मुलगा बसवावा, यांत हेंडरसनची दृष्टि दिसून येते. तो केवळ जुन्याचें प्रदर्शन मांडीत नव्हता. ही परंपरा जिवंत आहे आणि ती पुढें चालविणारे हात तयार आहेत, हें त्याला दाखवावयाचें होतें.

लोमॅक्सचें यंत्र व्यासपीठाजवळ फिरत होतें, म्हणून ती संध्याकाळ आजहि ऐकतां येते. तिचा खरा परिणाम मात्र श्रोत्यांत झाला. तेथें नॉर्मन बुकन नांवाचा एक तरुण शिक्षक बसला होता. आपल्याच देशांत असें कांहीं आहे याची सुशिक्षित असूनहि आपणांस वार्ता नव्हती, या जाणिवेनें तो हलून गेला. पुढें ग्लासगोजवळच्या रदरग्लेन येथील शाळेंत त्यानें मुलांसाठीं लोकगीतांचें मंडळ काढलें. वृत्तपत्रांतून गाणीं छापलीं. १९६२ सालीं एकशें एक स्कॉटिश गाण्यांचें खिशांत मावेल असें स्वस्त पुस्तक प्रसिद्ध केलें. शाळेंतल्या त्या मंडळांतून पुढें नामांकित गायिका निघाल्या. एका बैठकीनें एक शिक्षक पेटला, व एका शिक्षकानें किती दिवे लावले हें मोजणें कठीण!

पुढच्या वर्षींची बैठक कवि ह्यू मॅक्डायर्मिड यांच्या साठीनिमित्त झाली. परंतु याच सुमारास राजकारण आडवें आलें. शीतयुद्धाचे ते दिवस. १९५२ सालच्या उत्सवानंतर स्कॉटलंडच्या ट्रेड युनियन काँग्रेसनें हा उत्सव म्हणजे कम्युनिस्टांचा बुरखा आहे असें ठरवून त्यास बंदी घातलेल्या संस्थांच्या यादींत टाकलें. चालकांत कम्युनिस्ट होते ही गोष्ट खरी, व ती त्यांनीं लपविलीहि नव्हती. पण कोळणीचें गाणें कोणत्या पक्षाचें, हें ठरविणें कोणासहि साधलें नसतें. कामगार संघांचा पैसा थांबला, तोटा वाढला, आणि १९५४ च्या उत्सवानंतर लोकांचा उत्सव बंद पडला. ज्या कामगार चळवळीनें त्याला जन्म दिला तिच्याच हातून तो खचला, ही या कथेंतली दुःखाची बाजू.

तरीहि मधल्या काळांत त्याच्या हातून एक मोठें काम होऊन गेलें. १९५३ सालीं हेंडरसन ॲबर्डीनमध्यें भटक्या जमातीच्या लोकांत गाणीं शोधीत होता. जो तो त्याला जीनी रॉबर्टसन हिचें नांव सांगे. तो तिच्या दारीं गेला तेव्हां ती दमलेली होती आणि त्याला वाटेला लावण्याच्या बेतांत होती. तेव्हां त्यानें हार्लोच्या लढाईचें जुनें गाणें उंबऱ्यावरच म्हणावयास आरंभ केला. तें चुकीचें म्हणतोस, असें सांगून तिनें त्याला आंत घेतलें व खरें कसें तें म्हणून दाखविलें, अशी कथा आहे. १९०८ सालीं जन्मलेली ही बाई तोंवर आपल्या आळीबाहेर कोणास ठाऊक नव्हती. त्याच सालीं लोकांच्या उत्सवांत ती एडिंबरोच्या श्रोत्यांपुढें गाइली. १९६८ सालीं तिला एम. बी. ई. हा राजकीय सन्मान मिळाला. ज्या जमातीला गांवोगांवीं वेशीबाहेर हांकून देत, तिच्यांतील गायिकेचा हा गौरव होता. होतकरू कलावंत म्हणजे नेहमीं वयानें लहानच असतो असें नाहीं. ज्याला जगानें अजून ऐकलेलें नाहीं तो पंचेचाळिसाव्या वर्षींहि होतकरूच.

उत्सव मेला, पण त्याचें बीं निरनिराळ्या जमिनींत पडलें होतें. एडिंबरो विद्यापीठांत १९५१ सालींच स्कॉटिश अभ्यासाची संस्था निघाली होती. कॅलम मॅक्लीन हे तिचे पहिले संग्राहक. पाठोपाठ हेंडरसनहि तेथें आला. लोमॅक्सच्या फितींच्या प्रती तेथें ठेवल्या गेल्या. १९५८ सालीं त्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांची लोकगीत-संस्था निघाली व तिच्यांतून जीन रेडपाथसारखी गायिका अमेरिकेपर्यंत पोंचली. १९६६ सालीं ब्लेअरगौरी येथें पारंपरिक गायकांचा स्वतंत्र उत्सव भरूं लागला. हेंडरसनचें जन्मगांव तें हेंच.

मात्र गाणें व्यासपीठावर चढलें म्हणून घरांत टिकतेंच असें नाहीं. बारा बेटावर हें प्रथम ध्यानांत आलें. फ्लोराची कीर्ति सर्वत्र झाली, पण बेटावरच्या मुलांना गेलिक गाणीं व वाद्यें येईनाशीं झालीं. शाळेंत बहुतेक शिक्षण इंग्रजींत, घरीं दूरचित्रवाणी. म्हणून १९८१ सालीं बेटावरच्या पालकांनीं व धर्मगुरूनें मिळून 'फेश' नांवाचा उत्सव सुरू केला. त्यांत श्रोत्यांपेक्षां शिकणारीं मुलें महत्त्वाचीं. जाणत्या माणसांनीं उन्हाळ्याच्या सुटींत मुलांना गाणें, पाइप, फिडल, नृत्य शिकवावें आणि अखेरीस मुलांनीं आपल्याच गांवकऱ्यांपुढें तें सादर करावें. हें रोप इतकें फोफावलें कीं पुढें अशा चाळीसांहून अधिक फेश स्कॉटलंडभर झाल्या. होतकरू संगीतकार जन्मावयाचा तर तो आधीं अशा ठिकाणीं जन्मावा लागतो. मोठें व्यासपीठ त्यानंतर.

तें मोठें व्यासपीठ ग्लासगोनें दिलें. तेथें १९९० सालीं नवें भव्य संगीतगृह उघडलें होतें. पण नाताळानंतर जानेवारींत तें ओस पडे. ती रिकामी जागा भरण्यासाठीं १९९४ सालीं 'केल्टिक कनेक्शन्स' हा उत्सव सुरू झाला. कडाक्याच्या थंडींत लोकसंगीत ऐकावयास कोण येणार, अशी शंका होती. पहिल्याच वर्षीं सुमारें २७,००० लोक आले. पुढें कार्यक्रम तीनशेंच्या घरांत व श्रोते लाखावर गेले. या झगमगाटांत नवशिक्याची वाट बंद होऊं नये म्हणून तेथें एक मुक्त व्यासपीठ ठेवलेलें आहे. पेझली गांवचा डॅनी काइल हा गायक तें चालवीत असे. नव्या मुलाची भीड मोडावी, श्रोत्यांना हंसवून मोकळें करावें आणि मग त्या मुलाला पुढें ढकलावें, ही त्याची हातोटी. १९९८ सालीं तो वारल्यावर त्या व्यासपीठास त्याचेंच नांव देण्यांत आलें. तेथें अर्ज करून कोणीहि यावें, थोडा वेळ वाजवावें. ज्यांची निवड होईल त्यांना पुढील उत्सवांत नामवंतांच्या जोडीनें कार्यक्रम मिळतो. २००१ पासून तरुण पारंपरिक संगीतकारासाठीं रेडिओच्या साहाय्यानें एक वार्षिक मानहि दिला जाऊं लागला. पहिला मान ॲरन बेटावरच्या जिलियन फ्रेम या फिडलवादक मुलीस मिळाला. संगीताच्या राष्ट्रीय विद्यालयानें १९९६ पासून स्कॉटिश संगीताची पदवी सुरू केली, व २००० सालीं प्लॉकटन या किनाऱ्यावरच्या गांवीं पारंपरिक संगीतासाठीं शाळेंतच खास केंद्र निघालें.

या सर्वाचा एक धोकाहि जाणत्यांनीं बोलून दाखविला आहे. परीक्षा, पदवी, पारितोषिक आणि उंच व्यासपीठ यांनीं हात तयार होतो, वेग वाढतो. पण कापड आपटणाऱ्या बायकांचा किंवा दाण्याच्या पेटीवर टांचा आपटणाऱ्या गड्यांचा जो संथ जिव्हाळा, तो हरपण्याची भीति असते. आक्षेप खोटा नाहीं. त्याचें उत्तर एवढेंच कीं, तीं कामें आतां राहिलीं नाहींत. कापड यंत्रावर निघतें, नांगर ट्रॅक्टर ओढतो. गाण्याचें जुनें घर मोडल्यावर त्याला नवें घर देणें, किंवा तें उघड्यावर मरूं देणें, असे दोनच मार्ग होते. त्या संध्याकाळीं ऑडफेलोज हॉलमध्यें जमलेल्या मंडळींनीं पहिला मार्ग पत्करला.

कॅलम जॉन्स्टन म्हातारपणीं आपल्या बेटावर परत गेले. १९७२ सालच्या डिसेंबरांत लेखक कॉम्प्टन मॅकेन्झी यांचें दफन बारा बेटावर झालें, तेव्हां वादळी पावसांत त्यांनीं पाइप वाजविला, आणि तेथेंच कोसळून त्यांचा अंत झाला. हेंडरसन २००२ सालीं वारला, बर्जेस २००५ सालीं. फ्लोरा मॅक्नील हिनें २०१५ सालीं देह ठेवला. तत्पूर्वीं आईकडून घेतलेलीं गाणीं तिनें आपल्या मुलीस, मॅगी मॅकिनेस हिला, देऊन ठेवलीं होतीं. ती गाते व हार्पहि वाजविते. ग्लासगोच्या मुक्त व्यासपीठावर दर जानेवारींत कोणी अनोळखी मुलगा किंवा मुलगी वाद्य सांवरीत येऊन उभी राहते. १९५१ सालीं आपल्याच राजधानीच्या उत्सवांत ज्यांना दाराबाहेर थांबावें लागलें, त्यांचीं गाणीं अशा मुलांच्या तोंडीं आतां दाराच्या आंत ऐकूं येतात.